आधी सांगणारा, मग वाचणारा : ज्येष्ठांच्या ज्ञानाच्या देवाणघेवाणीसाठी संकेतस्थळ कसे घडवावे

ज्येष्ठांसाठी संकेतस्थळ करायचे म्हटले की बहुतेकांना पहिल्यांदा मोठी अक्षरे आठवतात. अक्षर मोठे हवेच, पण तेवढ्यावर थांबलेले संकेतस्थळ ज्येष्ठांना वाचकांच्या रांगेत बसवून मोकळे होते. ज्या पिढीने विहिरी खणल्या, हातमाग चालवले, सहकारी संस्थांच्या खतावण्या लिहिल्या आणि सुईणीच्या हाताखाली बाळंतपणे केली, तिच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. म्हणून या लेखात एकच क्रम धरला आहे : सांगण्याचे पान आधी घडवायचे, वाचण्याचे नंतर.

हा क्रम मला एका ज्येष्ठ नागरिक संघाचे संकेतस्थळ करताना, पहिली आवृत्ती फसल्यावर सुचला. तिचे मुखपृष्ठ देखणे होते, विभाग नीट लावलेले होते आणि 'आपले ज्ञान येथे लिहा' या मथळ्याखाली एक भली मोठी रिकामी चौकट होती. तीन महिन्यांत त्या चौकटीत काही सुविचार, दिवाळीच्या शुभेच्छा आणि एका सदस्याने तीनदा पाठवलेली एकच आरती एवढेच जमा झाले. त्याच काळात संघाच्या सभागृहात चहाच्या वेळी निवृत्त लाइनमन वादळानंतर खांबावर चढण्याआधी काय काय तपासायचे ते इतरांना तासभर समजावत असत. ज्ञान सभागृहात होते आणि चौकट मात्र रिकामी होती, याचा अर्थ दोष चौकटीचा होता.

पहिली पायरी : रिकाम्या चौकटीऐवजी प्रश्न

'आपले अनुभव लिहा' असे म्हटले की माणूस अवघडतो आणि निबंधाच्या भाषेत शिरतो. तोच माणूस नेमक्या प्रश्नाला मात्र नेमके उत्तर देतो. 'दुष्काळाच्या आठवणी' हा विषय दिल्यास हळहळ येते. '१९७२ च्या दुष्काळात तुमच्या गावाजवळ कोणते काम निघाले होते, मजुरी कशी मिळायची आणि सुकडी कोण वाटायचे?' असे विचारल्यास माहिती येते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा पुण्यात असलेले, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने जागे झालेले किंवा जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा खात्यात पाळीवर असलेले लोक आज आपल्यात आहेत, आणि त्यांना एखादी तारीख व ठिकाण सुचवणे एवढेच पुरेसे असते.

कौशल्याच्या बाबतीत प्रश्न 'कसे करायचात?' असाच असावा, आणि प्रत्येक प्रश्नामागे दोन-तीन उपप्रश्न तयार असावेत, कारण जाणत्या माणसाला स्वतःला पाठ झालेल्या गोष्टी सांगण्याजोग्या वाटतच नाहीत. मेतकुटाची कृती सांगताना एका आजींनी 'डाळ खमंग भाजायची' एवढेच सांगितले होते. 'खमंग झाली हे वासावरून कळते की रंगावरून?' या उपप्रश्नावर त्या म्हणाल्या, 'दोन दाणे दाताखाली धरायचे, कट्ट आवाज आला की उतरवायची. वास येईपर्यंत थांबलात तर खालची करपलेली असते.' कृतीचा सगळा जीव या एका वाक्यात होता. मापांच्या बाबतीतही हेच करावे : 'वाटी' म्हटले की कोणती वाटी, 'पायली' म्हटले की चार शेरांची का, हे फॉर्ममध्येच विचारून ठेवावे.

संकेतस्थळ सुरू करण्याआधी किमान वीस प्रश्न तयार ठेवावेत आणि ते ठरवण्याच्या बैठकीत तरुण कार्यकर्त्यांपेक्षा ज्येष्ठ अधिक असावेत. मुखपृष्ठावर एका वेळी एकच प्रश्न ठेवावा. आठवड्याला एक बदलला तरी चालतो; रोज बदलला तर लोक उत्तर मनात जुळवत असतानाच प्रश्न निघून जातो.

दुसरी पायरी : सांगण्याच्या चार वाटा

प्रश्नाखाली चार बटणे असावीत : 'बोलून सांगा', 'लिहून सांगा', 'वहीचा फोटो पाठवा' आणि 'कोणाची तरी मदत घ्या'. यांपैकी बोलण्याची वाट सर्वांत वर असावी. आयुष्यभर हाताने लिहिलेल्या माणसाला काचेवरच्या कळफलकावर 'ज्ञ' किंवा 'र्‍हा' शोधणे जिकिरीचे जाते, आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांचे ज्ञान काही कमी मोलाचे नसते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या समाजसंशोधकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या प्रामुख्याने शाळेची पायरी न चढलेल्या किंवा जेमतेम चढलेल्या स्त्रियांच्या तोंडून. आता पारीच्या, म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या ग्रामीण जीवनाच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रकल्पाच्या संकेतस्थळावर त्या ओव्या मजकूर व ध्वनिमुद्रणासह वाचायला-ऐकायला मिळतात आणि गाणारीचे नाव, गाव, तालुका, जिल्हा यांची नोंदही सोबत असते. आपल्या संकेतस्थळाचा प्रत्येक मजकूर कसा नोंदवावा, याचा याहून चांगला वस्तुपाठ मराठीत शोधून सापडणार नाही.

ध्वनिमुद्रणाचे तंत्र साधे ठेवावे. एक मोठे बटण, दाबल्यावर 'बोला, ऐकू येत आहे' हे शब्द आणि आवाजाबरोबर हलणारी पट्टी, एवढे पुरते. बोलणारा थांबला म्हणून मुद्रण आपोआप बंद करू नये. आठवताना माणूस पंधरा-वीस सेकंद गप्प राहतो आणि नेमके त्यानंतरच महत्त्वाचे बोलतो. बोलणे चालू असतानाच त्याचे लहान तुकडे सर्व्हरकडे जात राहावेत, म्हणजे मध्येच मुलीचा फोन आला तरी आधीचे वाया जाणार नाही. मानवी बोलण्यासाठी ओपस या ध्वनी लहान करून साठवण्याच्या पद्धतीने सेकंदाला २४ किलोबिट इतका दर पुरेसा असतो. त्या हिशेबाने दहा मिनिटांचे बोलणे सुमारे १.८ एमबीमध्ये बसते, त्यामुळे गावाकडच्या जाळ्यावरही अडचण येत नाही.

बोललेले आपोआप अक्षरात उतरवण्याची सोय मराठीत आहे; गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये बोलून टंकण्याच्या सुविधेत मराठीचा समावेश केला. तिचा उपयोग कच्चा मसुदा मिळवण्यापुरता करावा. मालवणी, वऱ्हाडी किंवा अहिराणी वळणाचे बोलणे यंत्र बऱ्याचदा प्रमाण मराठीत 'सुधारून' टाकते आणि त्यात औताच्या, भांड्यांच्या, रोगांच्या नावांचे वाटोळे होते. म्हणून मूळ आवाज कायम ठेवावा, मजकूर त्याच्या खाली द्यावा, आणि सांगणाऱ्याला तो वाचून दाखवल्याशिवाय प्रसिद्ध करू नये.

वहीच्या फोटोची वाट अनेकजण विसरतात. पुष्कळ ज्येष्ठांकडे पाककृतींच्या, औषधांच्या, हिशेबांच्या वह्या तयार असतात. फोटो पाठवण्याआधी ब्राउझरमध्येच लहान करावा. लांबीकडून दोन हजार पिक्सेल इतके ठेवले तरी हस्ताक्षर लागते. काहींकडे पूर्वी संगणकावर टंकलेले मजकूर असतात, ते श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या, युनिकोड ही अक्षरे साठवण्याची सर्वमान्य पद्धत रुळण्यापूर्वीच्या फाँटांमध्ये असण्याची शक्यता मोठी असते. असा मजकूर चिकटवल्यावर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात आणि बिचाऱ्या लेखकाला वाटते की आपलेच काही चुकले. तेथे रूपांतराची सोय द्यावी, नाहीतर निदान 'फाइल तशीच पाठवा, आम्ही बदलून घेऊ' असे लिहावे.

मदतनिसाची सोय तर अगदी पहिल्या दिवसापासून हवी. नातवंडे आजोबांच्या फोनवर त्यांच्याच नावाने टंकतात, हे होणारच आहे. त्यासाठी पासवर्ड वाटून घेण्याची वेळ आणू नये. मदतनिसाचे वेगळे नाव नोंदवून 'सांगितले यांनी, टंकले यांनी' अशा दोन ओळी छापाव्यात. सूनबाईंचे नाव छापून आले की सासूबाईंची पुढची पाच उत्तरे लवकर येतात, हा माझा अनुभव आहे.

तिसरी पायरी : दार

वाचण्यासाठी नोंदणी अजिबात मागू नये. सांगण्यासाठी मागावीच लागते, पण तिचे शब्द जपून निवडावेत. आम्ही बटणावर 'खाते उघडा' असे लिहिले होते. ते वाचून दोघेजण आधार कार्ड आणायला उठले, कारण खाते म्हणजे बँकेचे. आता तेथे 'आपले नाव नोंदवा' असे आहे. 'प्रोफाइल'ऐवजी 'माझी ओळख', 'सबमिट'ऐवजी 'पाठवा', 'अपलोड'ऐवजी 'फोटो जोडा' असे लिहावे. याउलट 'फोन', 'फोटो', 'मेसेज' हे शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेत, त्यांना 'भ्रमणध्वनी' आणि 'छायाचित्र' करून अवघड करण्याची गरज नाही.

पासवर्डाऐवजी ओटीपी बरा, पण त्यातही एक खड्डा आहे. ओटीपी पाहण्यासाठी मेसेजमध्ये गेलेला माणूस परत येतो तेव्हा जुन्या फोनने ब्राउझरचे पान नव्याने उघडलेले असते आणि भरलेले सगळे गेलेले असते. म्हणून ओटीपी आपोआप भरला जाईल अशी खूण त्या चौकटीला लावावी, चिकटवण्याची मुभा ठेवावी आणि आधी भरलेला मजकूर फोनमध्येच साठवून ठेवावा. वेबच्या सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डब्ल्यूसीएजीच्या ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या २.२ या आवृत्तीत हीच अपेक्षा आहे : आत येण्यासाठी माणसाच्या स्मरणशक्तीची किंवा कोडी सोडवण्याची परीक्षा घेऊ नये. वाकड्यातिकड्या अक्षरांचे कॅप्चा त्यामुळे बाद होतात.

एकदा आलेल्या माणसाला त्याच फोनवर पुन्हा दारात उभे करू नये. बँकेला जी सावधगिरी शोभते ती मेतकुटाच्या कृतीला लागत नाही.

चौथी पायरी : अक्षर, रंग आणि देवनागरीची शिस्त

चाळिशी लागते ती नावाप्रमाणे चाळिशीच्या आसपास, आणि पुढे डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते. त्यामुळे फिकट निळे, जांभळे आणि राखाडी रंग एकमेकांत मिसळू लागतात. अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण डब्ल्यूसीएजी किमान ४.५ : १ सांगते आणि उच्च पातळीसाठी ७ : १. ज्येष्ठांसाठी ७ : १ हेच किमान धरावे. दुवा आहे हे रंगावरून ओळखायला लावू नये, त्याखाली रेघ असावी.

मूळ मजकूर अठरा ते वीस पिक्सेलचा असावा, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे माप फोनच्या सेटिंगप्रमाणे वाढले पाहिजे. अनेक ज्येष्ठांनी, किंवा त्यांच्या मुलांनी, फोनमध्ये अक्षर आधीच मोठे करून ठेवलेले असते आणि ठरावीक पिक्सेलमध्ये बांधलेले संकेतस्थळ ती सोय धुडकावून लावते. अक्षर दुप्पट केले तरी बटणावरचे शब्द कापले जात नाहीत ना, हे प्रत्येक पानावर पाहावे.

येथपर्यंतचे नियम कोणत्याही लिपीला लागू आहेत. देवनागरीचे काही वेगळे आहेत. वर वेलांटी-रफार आणि खाली उकार-जोडाक्षरे असल्याने ओळींमधले अंतर अक्षराच्या १.६ ते १.८ पट ठेवावे. अक्षरांमध्ये कृत्रिम मोकळीक टाकू नये, शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. तिरकी अक्षरे टाळावीत, कारण देवनागरीत ती ठसा उमटवण्याऐवजी डोळ्यांना ताण देतात. बारीक वजनाचा फाँट वापरू नये आणि अति ठळकही नको, नाहीतर 'क्ष' आणि 'द्ध' यांच्या पोटातली जागा भरून जाते. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारखे मुक्त परवान्याचे फाँट या कामी चांगले आहेत. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवावी, म्हणजे ज्या फाँटांत तशी सोय आहे त्यांत 'ल' आणि 'श' शाळेत शिकलेल्या मराठी वळणाचे दिसतात, आणि पान वाचून दाखवणारे साधन हिंदीच्या धाटणीने वाचत नाही.

पाचवी पायरी : बोट, बटण आणि सूचना

एक निवृत्त एसटी चालक आमच्या चाचणीला बसले होते. 'पाठवा'वर त्यांनी बोट टेकवले, गाडीचा हॉर्न दाबावा तसे दाबून धरले, आणि प्रत्येक वेळी फोनने मजकूर निवडण्याची यादी उघडून दाखवली. चार वेळा झाल्यावर त्यांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि 'हे आपल्याच्याने होणार नाही' असे सांगितले. त्यांची काहीच चूक नव्हती. दीर्घ स्पर्शालाही साधा स्पर्श मानणे, ही आमच्याकडून राहिलेली अर्ध्या तासाची दुरुस्ती होती. उलट काहींचा हात कापतो आणि एका दाबण्याचे दोन होतात. तीनदा आलेल्या त्या आरतीचे रहस्य तेच निघाले. पहिल्या स्पर्शानंतर बटण लगेच मंद करून त्यावर 'पाठवत आहोत' असे लिहिले की हा प्रश्न मिटतो.

बटणाच्या आकारासाठी डब्ल्यूसीएजी किमान २४ पिक्सेल आणि उच्च पातळीसाठी ४४ सांगते. मी ४८ च्या खाली जात नाही, आणि दोन बटणांमध्ये बोट चुकले तरी चालेल इतकी जागा सोडतो. ओढण्याचे, सरकवण्याचे, दोन बोटांचे कोणतेही काम अनिवार्य नसावे. तीन आडव्या रेघांचे चिन्ह पुष्कळांना नक्षी वाटते. तेथे सरळ 'विभाग' असा शब्द लिहावा.

चुकांच्या सूचना म्हणजे संकेतस्थळाची खरी वाणी. 'अवैध इनपुट' हे कोणालाही लिहू नये. 'फोन नंबरात नऊच आकडे आले आहेत, दहा हवेत' असे लिहावे. 'रद्द करायचे आहे का?' या प्रश्नाखाली 'रद्द करा' आणि 'ठीक' अशी बटणे ठेवणाऱ्याने ती स्वतः एकदा अंधारात दाबून पाहावीत. त्याऐवजी 'लिखाण ठेवा' आणि 'लिखाण टाकून द्या' असे स्पष्ट शब्द हवेत. टाकून दिलेलेही महिनाभर परत मिळाले पाहिजे. संबोधन सर्वत्र 'तुम्ही' किंवा 'आपण' असावे, आणि लाडिक 'आजी-आजोबा' नसावे. ज्याच्याकडून आपण शिकायला आलो आहोत त्याला पाळण्यात घालू नये.

सहावी पायरी : शोध

शोधाची चौकट मराठीत बहुतेक ठिकाणी लंगडी असते, आणि याचे कारण लिहिणाऱ्यांच्या शुद्धलेखनात कमी, अक्षरांच्या साठवणुकीत जास्त असते. 'दऱ्या' हा शब्द दोन पद्धतींनी साठवला जातो : एकीत नुक्त्याचा 'ऱ' असतो, दुसरीत साधा 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. 'ॲप' मधला 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र अक्षर म्हणून आला. त्याआधीचा आणि पुष्कळ कळफलकांवरून आजही येणारा 'अॅ' हा 'अ' आणि चंद्र मिळून बनलेला आहे. शोध घेण्याआधी ही रूपे एक करावीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सैल सोडावा, देवनागरी व इंग्रजी आकडे समान मानावेत, आणि 'वऱ्याचे तांदूळ' शोधणाऱ्याला 'भगर'ही दाखवावी. शेवटच्या कामासाठी समानार्थी शब्दांची यादी हाताने करावी लागते. ती प्रदेशागणिक वेगळी निघते, आणि ती करायला सदस्यांइतके योग्य कोणीच नाही.

सातवी पायरी : काय छापायचे नाही

ज्ञान म्हणून येणाऱ्या सगळ्याच गोष्टी प्रसिद्ध करण्याजोग्या नसतात. घरगुती औषधे 'आमच्या घरी असे करत' या अनुभवाच्या रूपात, डॉक्टरांनी पाहिल्यानंतरच ठेवावीत; कोणतीही चालू गोळी बंद करण्याचा सल्ला असेल तर तो मजकूर परत पाठवावा. साप चावल्यावरचे उतारे आम्ही घेतच नाही, कारण तेथे गेलेली मिनिटे रुग्णालयात पोचण्याची असतात.

सदस्यांचे फोन नंबर व पत्ते पानावर दिसू नयेत, आणि अनोळखी माणसाला परस्पर खासगी निरोप पाठवता येऊ नये. विश्वासाने बोलणाऱ्या ज्येष्ठांची जमवलेली यादी ही भामट्यांसाठी मेजवानी असते. आर्थिक फसवणूक झाल्यास लावायचा १९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक प्रत्येक पानाच्या तळाशी, एकाच जागी, मोठ्या आकड्यांत असावा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात संमतीचा मजकूर साध्या भाषेत आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांमध्ये वाचण्याचा पर्याय देण्यास सांगितले आहे, तसेच संमती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे असावे असेही म्हटले आहे. म्हणून मराठीत चार ओळींची संमती आणि तिच्या शेजारीच 'माझे नाव काढा' हे बटण ठेवावे.

आठवी पायरी : त्यांच्याच फोनवर चाचणी

पाच-सहा जणांसमोर, त्यांच्या स्वतःच्या फोनवर, त्यांच्या नेहमीच्या जागी चाचणी घ्यावी. आपला नवाकोरा फोन हातात दिला की निम्म्या अडचणी दिसतच नाहीत : तडा गेलेली काच, सुप्रभातच्या गुलाबांनी भरून गेलेली साठवण, मुलाने परदेशातून आणलेला आणि इंग्रजीत बोलणारा फोन. 'या आठवड्याच्या प्रश्नाला उत्तर द्या आणि कालचे तुमचे उत्तर शोधून दाखवा' एवढेच काम सांगावे आणि हात मागे बांधून बसावे. 'तिथे नाही, वर दाबा' असे तोंडातून निघाले की ती चाचणी संपली असे समजावे. माणूस कोठे थांबला, कोणता शब्द त्याने मोठ्याने वाचला आणि कोठे त्याने तुमच्याकडे पाहिले, या तीन नोंदी पुरतात.

नववी पायरी : लिखाणाचे पुढे काय

हा विषय काढायला अवघड आहे, पण नोंदणीच्या वेळीच काढावा. लिहिलेल्या मजकुराचा हक्क लेखकाचा असतो आणि १९५७ च्या भारतीय कायद्याप्रमाणे तो त्याच्या हयातीनंतर साठ वर्षे वारसांकडे राहतो. त्यामुळे 'माझ्यामागे हे लिखाण ठेवावे की काढावे, आणि कोणाला विचारावे' हा प्रश्न फॉर्ममध्ये असावा. आम्हाला वाटले होते की लोक चिडतील. प्रत्यक्षात बहुतेकांनी तो रकाना सर्वांत आधी आणि सर्वांत नेटका भरला. एका गृहस्थांनी नातीचे नाव लिहून पुढे 'हिला मोडी शिकवत आहे' अशी जोड दिली.

सगळ्या मजकुराची प्रत दर महिन्याला संकेतस्थळाबाहेर दुसऱ्या ठिकाणी साठवावी, आणि प्रत्येक पान कागदावर नीट छापले जाईल अशी मांडणी स्वतंत्रपणे करावी : ए-४ आकार, चौदा पॉइंटचे अक्षर, वर सांगणाऱ्याचे नाव व गाव, खाली तारीख, आणि बटणे व जाहिराती काही नकोत. हे काम आम्ही शेवटी, वेळ उरला म्हणून केले होते. सर्वांत जास्त वापरली जाणारी सोय तीच ठरली. मेतकुटाच्या त्या आजींनी आपल्या पानाच्या सात प्रती काढून मागितल्या, सहा लेकी-सुनांसाठी आणि एक वहीत चिकटवायला.